सगळ्यांबरोबर बोलणारी जया

"बोलली! पोर बोलली!"

घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्या हॉलमध्ये गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. पुढे वाचासिद्ध बुवा आणि त्यांच्या मांडीशी आमच्या शेजारच्या वनमालावहिनींची सहा वर्षांची जया. एरवी 'आई' म्हणतानाही अडखळून लाल होणारी ही मुलगी, बुवांनी जिभेवर वेखंड लावताच सगळ्यांबरोबर अख्खी आरती खळखळ म्हणत होती.

"वेखंड निमित्तमात्र," बुवा डोळे मिटून म्हणाले. "सरस्वती इथे भाड्यानं नाही, मालकी हक्कानं राहते!"

घरी मात्र जया पुन्हा अडखळे. त्यावरही बुवांकडे तोड होती. अडखळलेला शब्द वाचा बाटवतो, म्हणून पोर अडली की लगेच गप्प करा. दोन वर्षं तेच चाललं होतं. तिचे वडील धोंडू कळवळून ओरडत, "गप रव गो बाय, वाचा बाटतली!" हल्ली जया घरात बोलतच नसे.

बीएस्सीला एक गोष्ट पक्की शिकलो होतो : एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. पुढच्या गुरुवारी वेखंड लावण्याआधीच मी उठलो.

"बुवा, आज वेखंड नको. सगळे मिळून बेचा पाढा म्हणू या."

"ए शाण्या, बस ना खाली!" मागून कुणीतरी ओरडलं.

पण मी सुरू केलं आणि बायकांनी सवयीनं सूर धरला. जयाही म्हणू लागली. पाढा संपला, ती कुठेही अडली नव्हती.

वनमालावहिनीच पुढे झाल्या. "बुवा, आता वेखंड लावा. आणि एकटीला बोलू दे तिला."

"देवाची परीक्षा घेतेस?"

वहिनींनी जयाला उचललं आणि त्या बाहेर पडल्या.

एका इस्पितळात बोलण्यावर उपचार होतात, हे मी विचारून ठेवलं होतं. तिथे जयाला नेल्यावर वाचोपचारतज्ज्ञ सुलक्षणाबाईंनी समजावलं, "तोतरं बोलणारं माणूस दुसऱ्यांच्या आवाजाबरोबर बोललं, की बहुधा अडत नाही. आवाज थांबला, की पुन्हा अडतं. चौथ्या वर्षी आणली असतीत, तर काम हलकं झालं असतं. आता आधी तिची भीती काढायची आहे."

"आमीच तिका गप केलाव," धोंडू खाली बघत म्हणाले.

बाईंनी जयाला जवळ घेऊन तिचं नाव विचारलं. ओठ हलले, अडले. त्याबरोबर तिनं स्वतःच आपल्या तोंडावर तळवा दाबून धरला.

मूल अडखळत असेल, तर त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबा. तज्ज्ञाकडे न्यायला मात्र थांबू नका.