घड्याळकाकांची टाच

वहीमावशीची प्रार्थना म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हे. ती सुरू झाली की चहा निवायचा, गरम करून आणला की पुन्हा निवायचा, तिसऱ्यांदा कपात माशी पडायची, तरी मावशी आपली पहिल्याच पानावर. एकदा म्हणे एका तापकऱ्याच्या उशाशी बसून तिनं इतका वेळ प्रार्थना केली, की ताप कंटाळून उठला आणि शेजारच्या घरी गेला. शेजाऱ्याला विचारा हवं तर, आठवडाभर अंथरुणात होता बिचारा.

वही निळ्या पुठ्ठ्याची, चांगली दोनशे पानी. रविवारी चर्चची उपासना सुटली की मावशी ती घेऊन फाटकाशी उभी राहायची आणि मंडळी पुढ्यात रांग लावायची. कुणाच्या सुनेचं दुखणं, कुणाच्या नातवाची परीक्षा, कुणाची हरवलेली कोंबडी. मावशी चष्मा नाकावर ओढून भराभर लिहून घ्यायची. हात चालू, मान चालू, तोंडानं "हो गं, सोपव माझ्यावर" चालू. कान मात्र निम्मे पुढच्या माणसाकडे.

त्या बुधवारी सकाळी दहा वाजता पाळकबाईंच्या बैठकीच्या खोलीत नेहमीप्रमाणे अकरा बायका डोळे मिटून बसल्या होत्या. म्हणजे दहा जणी मिटून. अकरावी, मावशीची धाकटी जाऊ, एक डोळा किलकिला ठेवून चहाच्या किटलीकडे बघत होती. मावशी वाचत होती.

"आणि हे प्रभू, आमच्या घड्याळकाकांवर तुझी कृपा असू दे. मंगळवार, बुधवार, गुरुवार. सकाळी आठ, संध्याकाळी सहा. त्यांचं जेवण, त्यांच्या गोळ्या, त्यांची..." तिनं पान जवळ धरलं. "त्यांची कूस बदलणं. आणि प्रभू, खाली इस्त्रीवाल्याकडची किल्ली..."

काल सकाळी घरीही तिनं हेच मागितलं होतं. इस्त्रीवाल्याच्या किल्लीसाठी तर जरा जास्तच कळवळून. हरवली असेल बिचाऱ्याची, म्हणून. आज मात्र जीभ त्या किल्लीवर अडकली ती अडकलीच.

प्रभूला कशाला हवी किल्ली?

रविवारचं फाटक डोळ्यांसमोर आलं. घड्याळकाकांची मुलगी, इस्पितळात नर्स, सगळं गाव तिला सिस्टरच म्हणायचं, समोर उभी राहून सांगत होती, "मावशी, मला मंगळवारी पहाटे तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला जायचंय. बाबांचं खुब्याचं हाड मोडलेलं, त्यांना स्वतःला पाणीसुद्धा घेता येत नाही. किल्ली खाली इस्त्रीवाल्याकडे ठेवते. तुम्ही दोन्ही वेळा याल ना?" आणि आपण लिहून घेतलं. खाली रेघसुद्धा मारली. "हो गं, सोपव माझ्यावर."

ते गाऱ्हाणं नव्हतं, काम होतं. ते देवाला सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं होतं.

काल सकाळी आठ, काल संध्याकाळी सहा, आज सकाळी आठ. तिन्ही वेळा म्हातारा दाराकडे डोळे लावून पडला असणार. आणि काल रात्री सिस्टरचा निरोप आला होता, "बाबा ठीक ना? फोन उचलत नाहीत." मावशीनं त्यावर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं होतं. ती सगळ्यांनाच पाठवायची.

मावशी उठली. ना आमेन, ना काही. चपला बाहेर राहिल्या आणि ती रस्त्यावर. आत दहा जणींना वाटलं, आज काहीतरी फार खोल चाललंय. त्या पुढे पाव तास तशाच डोळे मिटून बसल्या म्हणतात. जाऊ तेवढी मागून पळाली.

"जाऊबाई! अहो, आग लागली का कुठे? तुम्हाला पळता येतं?"

"घड्याळकाका," मावशीला एवढंच बोलता आलं. "मी गेलेच नाही गं. दोन दिवस. मी गेलेच नाही."

तीस वर्षांत पहिल्यांदा जावेला टोमणा सुचला नाही.

काकांचं घर इस्त्रीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. दुकानाचं शटर निम्मं खाली. टेबलावर इस्त्री उभी करून ठेवलेली, इस्त्रीवाल्याचा पत्ता नाही. समोरचा शिंपी म्हणाला, "कपडे पोचवायला गेलाय. येईल अर्ध्या तासात."

"कुठल्या बाजूला?"

"ते कसं सांगू? तीन गल्ल्या आहेत त्याच्या."

"मी बघते," जाऊ म्हणाली आणि साडी खोचून निघालीसुद्धा. "तुम्ही वर जा. हाका मारा."

मावशी जिना चढली. अनवाणी, धापा टाकत, कठड्याला धरून. दारावर थाप मारली.

"काका! ओ काका!"

घड्याळकाकांनी पन्नास वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली होती. लोक न्यायला विसरले, ती सगळी आत भिंतीवर. मावशीनं दाराला कान लावला. टिकटिक, टिकटिक, टिकटिक, जणू शंभर जण एकदम दात वाजवत होते. त्या सगळ्यात माणसाचा आवाज एकही नव्हता.

"काका, मी आलेय. ऐकताय का?"

टिकटिक.

तिनं दाराला खांदा लावून बघितला. दार हललं नाही, खांदा दुखला. तिनं हात जोडले. एरवी पाण्यासारखे वाहणारे शब्द, त्यातला एक येईना. सगळी विशेषणं, सगळ्या आळवण्या कुठल्या कुठे गेल्या. "उघड," ती म्हणाली. "उघड रे, उघड." दाराला म्हणाली की वरच्याला, तिचं तिलाच कळलं नाही.

खालून धडधडत पावलं आली. इस्त्रीवाला पुढे, जाऊ मागे, तिच्या हातात कुणाचा तरी कडक इस्त्रीचा शर्ट.

"मी काल दिवसभर वाट बघितली हो," इस्त्रीवाला किल्ली लावता लावता म्हणाला. "मला वाटलं, तुमच्याकडे दुसरी किल्ली असेल. संध्याकाळी खोकल्याचा आवाज पण आला. म्हटलं, मावशी आहेत वर."

कुलूप निघालं तशी मावशी त्याला ओलांडून आत शिरली.

आतल्या खोलीचं दार उघडताच वासानं तिघं थबकली. काका उताणे पडले होते. तोंड उघडं, डोळे मिटलेले. उशाशी पाण्याचा तांब्या आडवा झालेला, फरशीवर वाळलेला ओघळ. फोन समोरच्या टेबलावर. मावशी पलंगाशी गेली आणि तिनं त्यांच्या नाकापुढे हात धरला.

एक डोळा उघडला.

"सव्वीस तास," काका म्हणाले. आवाज म्हणजे सुक्या पाचोळ्यावरून कुणी चालावं तसा. "पन्नास मिनिटं."

मावशी मटकन खाली बसली.

"बसताय काय," काका म्हणाले. "पाणी."

घोट घोट पाणी पाजलं. इस्त्रीवाला डॉक्टरांना आणायला धावला. जावेनं खिडक्या उघडल्या आणि पदर नाकाला लावून म्हणाली, "जाऊबाई, कुणीतरी साफ करायला माणूस बोलावू का?"

आता खरं सांगायचं तर मावशीनं आयुष्यात शेकडो आजारी बघितले होते, पण सगळे धुतलेले, पुसलेले. घरच्यांनी चादर बदलली, उदबत्ती लावली, की मग ती वही घेऊन पोचायची. घाणीशी तिची कधी ओळखच झाली नव्हती. तिनं काकांकडे बघितलं. काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. इतका तिखट जिभेचा म्हातारा, पण कान लाल झाले होते लाजेनं.

"माणूस आलाय की," मावशी म्हणाली. "तू पाणी तापव."

तिनं बाह्या वर सारल्या. दोनदा उमासे आले, एकदा मोरीपर्यंत जाऊन आली. काका भिंतीशी बोलावं तसे म्हणाले, "प्रार्थना केलीत वाटतं माझ्यासाठी."

"केली."

"लांबलचक?"

"लांबलचक."

"तरीच जगलो. पण पुढच्या वेळी थोडक्यात करा आणि पाव घेऊन या."

जाऊ मोरीत फिसकन हसली. मावशीला हसू आलं नाही. ती पाय पुसत होती, डाव्या पायाशी आली आणि तिचा हात थांबला. टाचेवर रुपयाएवढा लालभडक डाग. बोटानं दाबला तरी लालच. काल पहाटेपासून पाय एकाच जागी घासत पडलेला.

डॉक्टर आले, तपासून गेले. छाती ठीक, नाडी ठीक, पाणी कमी पडलंय, भरून निघेल. टाचेकडे बघून मात्र त्यांनी तोंड वाकडं केलं. "साखरेचा आजार आहे यांना. ही फुटली तर भरणं अवघड. मुलगी नर्स आहे ना? तिला दाखवा."

दीड वाजता टेबलावरचा फोन वाजला. सिस्टरचा. मावशीनं हात पुढे केला तसं काकांनी तिचं मनगट धरलं.

"काही सांगू नका तिला."

"काका!"

"प्रशिक्षण अर्धवट टाकून येईल ती. पाच वर्षं थांबलीय त्यासाठी. वॉर्डाची मुख्य होईल. मी मेलो नाही ना? मग झालं. मी म्हणतो, मावशी वेळेवर आल्या, अंडं पण दिलं. तुमचीही अब्रू राहील."

फोन वाजत होता. किती सोपं होतं! म्हातारा स्वतः पदरात घालत होता. जाऊ दारात उभी, तिचीही मान होकारार्थी हलत होती. मावशीला फाटक दिसलं, रांग दिसली, पाळकसाहेबांचा चेहरा दिसला. आणि ती टाच दिसली. खोटं बोललं तर त्या टाचेकडे कोण बघणार?

तिनं फोन उचलला.

"मावशी, तुम्ही? बाबा ठीक ना?"

"सिस्टर, मी कालपासून आलेच नव्हते," मावशी एका दमात बोलली, थांबली तर पुन्हा जमलं नसतं. "तू सांगितलेलं वहीत लिहिलं आणि प्रार्थना करत बसले. आत्ता अकराला दार उघडलं. ते शुद्धीवर आहेत, पाणी प्यालेत, डॉक्टर येऊन गेले. डाव्या टाचेवर लाल डाग आहे. दाबून जात नाही."

मावशीनं फोन कानापासून काढून बघितला, बंद पडला का.

"तुम्ही मला हात जोडलेले पाठवलेत," सिस्टर म्हणाली.

"हो."

"मी त्यावर विसंबून झोपले, मावशी. मला वाटलं, तुम्ही तिथे आहात." आवाज कापला, मग एकदम इस्पितळातला झाला. "टाच दाखवा. कॅमेरा लावा. जवळ. अजून जवळ. पिंढरीखाली उशी घाला, टाच अधांतरी राहिली पाहिजे. दर दोन तासांनी कूस बदलायची. चोळायचं नाही. काळी पडली किंवा फोड आला तर... मी निघतेच."

"येऊ नकोस!" काका पलंगावरून ओरडले.

"मी इथून हलत नाही," मावशी म्हणाली. "प्रत्येक वेळी फोटो पाठवते. तू तुझं काम पुरं कर."

"तुमच्यावर कसा विश्वास ठेवू?"

"नको ठेवूस. फोटोवर ठेव."

पुढचा दीड दिवस मावशीनं कसा काढला, ते तिलाच ठाऊक. गजर लावायची गरजच नव्हती, भिंतीवर शंभर घड्याळं होती आणि काका प्रत्येक फोटोची वेळ तोंडपाठ सांगत होते. "दोन मिनिटं उशीर, बाई." मावशी त्यांना खांद्याला धरून वळवायची, पाठीशी लोड लावायची, मग जमिनीवर गुडघे टेकून, चष्मा लावून टाचेशी नाक नेऊन बघायची. लाल. अजून लाल. एकदा दिव्याच्या सावलीत ती काळीच वाटली आणि मावशीनं फोनचा उजेड पाडून पुन्हा बघितली. जाऊ डबा घेऊन आली, चादरी घेऊन गेली, धुऊन आणल्या. गुरुवारी सकाळी पाळकबाई चार बायकांना घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "मावशी, सगळ्या मिळून प्रार्थना करू या का?"

"करू की. आधी त्या दोन बादल्या भरा, आणि तुम्ही खुब्याकडून धरा. एकटीला वळवत नाहीत मला."

गुरुवारी संध्याकाळी सिस्टर आली. हातातली पिशवी न ठेवताच आतल्या खोलीत गेली. "पुरं केलंस ना?" काकांनी विचारलं. तिनं नुसती मान हलवली, पलंगाच्या पायथ्याशी बसली आणि टाच हातात घेतली. मावशी दाराच्या चौकटीला धरून उभी. सिस्टरनं अंगठ्यानं डाग दाबला. सोडला. पुन्हा दाबला, सोडला.

डाग पांढरा पडला आणि हळूहळू गुलाबी झाला.

"वाचली," सिस्टर म्हणाली. मग टाच तशीच हातात धरून तिनं डोकं खाली घातलं आणि तिचे खांदे हलायला लागले.

"अगं, टाचेला कसली रडतेस," काका म्हणाले. "मी आख्खा आहे वर."

मावशी जवळ गेली नाही. माफी मागायची होती, पण ती मागितली की सिस्टरला काहीतरी चांगलं बोलावं लागेल, आणि तेवढं तिच्यावर लादायला नको वाटलं. तिनं उष्टा पेला उचलला, मोरीत जाऊन विसळला, पालथा घातला. हात पुसून म्हणाली, "निघते मी."

जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली असेल.

"मावशी." सिस्टर वर दारात उभी होती. डोळे पुसलेले, चेहरा अजून ताठ. "सोमवारपासून मला दिवसपाळी आहे."

कठडा घट्ट धरून मावशीनं वर बघितलं.

"किती वाजता येऊ?"