साबणाच्या कढईची मातीची आंघोळ

कढई म्हटलं की मित्रांनो, तुमच्या डोळ्यांपुढे तळण येतं. मी त्या घराण्यातली नाही. मी कारखान्यात साबण शिजवते. माझ्यात दोन हत्ती आरामात बसतील, दाटीवाटीने तीन. कोणी बसवून पाहिले नाहीत, एवढंच.

मला घडवणारा वेल्डर मुळात अर्धा बहिरा होता. मला ठोकून ठोकून तो पुरता बहिरा झाला. मी दारातून मावेना, म्हणून भिंत पाडली आणि मला आत घेऊन पुन्हा बांधली. मग मी वर्षानुवर्षं उकळत राहिले. एकदा माझा फेस खिडकीतून बाहेर पडला आणि वॉचमनला खुर्चीसकट रस्त्यापलीकडे ठेवून आला. वॉचमन हे नाकारतो. पण तो तेव्हा झोपेत होता, त्याला काय कळणार?

त्या काळी चरबी कुठल्या जनावराची, हे कोणी विचारत नसे. टँकर आला की पाईप जोडायचा.

पुढे मालकीणबाईंनी चरबी बंद करून खोबरेल आणि पामतेल आणलं. एक मोठा व्यापारी आमचा साबण घ्यायला तयार होता, पण त्याला हलाल प्रमाणपत्र हवं होतं. हलाल म्हणजे मुसलमानांना त्यांच्या धर्माने वापरायची मोकळीक दिलेलं.

"साबण काय कोणी खातंय का, वहिनी?" मालकीणबाईंचा दीर हसला.

पण अंगाला लागणाऱ्या वस्तूचीही खातरी लोकांना हवी असते. प्रमाणपत्र देणारे तपासनीस आले. तेल, रंग, सुगंध, सगळ्याची चौकशी करून शेवटी माझ्यापाशी थांबले.

"हिच्यात पूर्वी काय शिजायचं?"

दिराने वहिनीला डोळ्यांनी खुणावलं. तरी मालकीणबाई म्हणाल्या, "चरबी. डुकराचीसुद्धा."

"झालं! बोलवा भंगारवाल्याला," दीर म्हणाला.

"थांबा हो," तपासनीस म्हणाले. "आमच्या नियमात यावर उपाय आहे. सात वेळा धुवायची, त्यातल्या एका पाण्यात माती कालवायची. आज, माझ्यासमोर. आणि ती चरबी हिच्यात पुन्हा कधीच घालायची नाही. हे जमणार नसेल, तर मात्र कढई नवी घ्या."

सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. मला घासायचं काम पहिल्यापासून त्यांचं. त्यांनी पदर खोचला, पण तो भांडायला.

"माती? हिच्यात? अहो, लेकीसारखी न्हाऊ घातलीय मी हिला! जन्मभर घाण काढली ती आज माती घालायला?"

"मावशी, ऐका ना," मालकीणबाई म्हणाल्या.

मावशी तणतणत गेल्या आणि वाटीभर पांढरी पावडर घेऊन आल्या. "घ्या. ही गोरी माती."

तपासनिसांनी वास घेतला. "ही अंगाला लावायची पावडर आहे, मावशी."

"मग? मातीपेक्षा बरीच की!"

"तुम्ही हिला लख्ख ठेवता, ते दिसतंय मला," तपासनीस शांतपणे म्हणाले. "पण हा साबण जिच्या घरी जाईल, ती बाई तुम्हाला ओळखत नाही. तिला तुमचा हात दिसणार नाही, कढईही नाही. तिच्या मनाला जे धुणं पटतं, तेच करायला हवं ना?"

मावशींनी चक्क माघार घेतली. आमच्याकडे ही गोष्ट फेस उडण्यापेक्षा दुर्मीळ.

मग त्या बाहेर गेल्या आणि स्वच्छ माती घेऊन आल्या. आधी ती पिठाच्या चाळणीने चाळली. खडा म्हणून राहू दिला नाही. "दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही," असं बजावून शिडीने माझ्यात उतरल्या. मातीचं पाणी झालं, नितळ पाणी झालं. सातव्या पाण्यानंतर त्यांनी वर पाहून हाक मारली, "साहेब, लांबून काय बघताय? या की आत!"

तपासनिसांनी बूट काढले, बाह्या सारल्या आणि खाली उतरून माझ्या अंगावरून तळहात फिरवला. भंगारवाल्याला कोणी बोलावलं नाही.

प्रमाणपत्र नंतर आलं. ते ऑफिसात टांगलंय म्हणतात. मी काही पाहिलेलं नाही.

तर मित्रांनो, आम्हा भांड्यांना जरूर घासा, पण नुसती आपल्या डोळ्यांची खातरी होईपर्यंत नको. ज्याला आत डोकावता येणार नाही, त्याचीही खातरी होईल असं घासा. मातीचं मला वाईट वाटलं होतं, नाही कसं म्हणू? पण आता कुठल्याशा अनोळखी घरात एखादी आई बाळाच्या तोंडाला माझा साबण लावते, आणि लावताना तिचा हात अडखळत नाही.