नेटवर्कवरचा परका

शिरवळच्या एका कारखान्यातलं वायफाय सृष्टी सांभाळायची. एका सकाळी ॲक्सेस पॉइंटला एक अनोळखी यंत्र जोडलेलं तिला दिसलं आणि तिचा संशय थेट कँटीनच्या मौलाचाचांवर गेला. ते रोज नातीशी व्हिडिओवर बोलायचे.

"चाचा, पासवर्ड कुणी दिला तुम्हाला? फोन दाखवा," ती भरल्या कँटीनमध्ये म्हणाली.

"माज्या सिमचं नेट हाय, मॅडम. बघा की." ओले हात पुसून त्यांनी फोन पुढं केला. त्यात कारखान्याचं वायफाय नव्हतंच. तरी ती तशीच परतली आणि तिनं ते यंत्र ब्लॉक करून टाकलं.

लगेच गेटवर ओरडा झाला. हजेरीचं मशीन बंद पडलं होतं. ते परवा तिनंच जोडलं होतं, फक्त वायफायच्या यादीत त्याला नाव द्यायचं राहिलं होतं. सृष्टीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं सगळ्यांसमोर माफी मागितली.

"असू द्या मॅडम, व्हतं असं," म्हणत चाचांनी तिला भाजी वाढली. पण दुसऱ्या दिवसापासून ते फोन वॉचमनकडं ठेवूनच आत येऊ लागले. तिनं किती विनवलं तरी ऐकेनात.