माहेरचा चढ

मी सायकल बोलतेय. साधी नव्हे हो, दोन सीटची. एकाने पुढे बसायचं, एकाने मागे, आणि चार पायांनी मिळून मला पळवायचं. लोक मला टँडेम म्हणतात. सध्याचा मुक्काम अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावी, एका घराच्या गॅरेजमध्ये. एका बाजूला बर्फ उडवायचं मशीन, दुसऱ्या बाजूला खोक्यात गेल्या दिवाळीचा आकाशकंदील. शेजार वाईट नाही.

माझा जन्म मात्र दक्षिण जर्मनीतला, टेकड्यांच्या कुशीतल्या एका खेड्यातला. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने माझी कंबर मधोमध उघडेल अशी ठेवली. त्यामुळे मी दोन पेट्यांत मावते. पुढे सासरी जायच्या वेळी तेच कामाला आलं.

प्रल्हाद आणि मीनाक्षी यांनी मला पसंत केलं त्याला आता तीसेक वर्षं होतील. प्रल्हाद अमेरिकेतल्या एका मशीनच्या कंपनीतला इंजिनिअर, वर्षभरासाठी तिकडे पाठवलेला. गाडी नव्हती, म्हणून दर रविवारी दोघं मला घेऊन निघायची. मागे जोडलेल्या छोट्या गाडीत चार वर्षांची सावनी. नदीकाठाने, सफरचंदांच्या झाडांखालून, या खेड्यातून त्या खेड्यात. तिकडे सायकलींचे रस्ते वेगळे आणि वळणावळणावर पाट्या. रस्ता चुकायचं म्हटलं तरी चुकता यायचं नाही. तरीही प्रल्हाद चुकायचा, आणि कबूल करायचा नाही.

पुढे प्रल्हाद, मागे मीनाक्षी. हे कुणी ठरवलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. माझं मागचं हँडल नुसतं धरायला असतं, ते वळत नाही. आणि मागच्या सीटवरून दिसतं काय, तर पुढच्याची पाठ. मीनाक्षी विचारायची, "अहो, पुढे काय दिसतंय?"

"रस्ता," प्रल्हाद म्हणायचा.

झालं! संपलं वर्णन. माणूस सोन्यासारखा, पण मूग गिळून बसायची जन्माची खोड.

परतायच्या आधीच्या रविवारी गावामागचा मोठा चढ चढायचं ठरलं. हवा स्वच्छ असली तर माथ्यावरून लांबवर आल्प्सची हिमशिखरं दिसतात, असं माझा कारागीर सांगायचा. अर्ध्या चढावर, एका लाकडी बाकाजवळ सावनी कण्हायला लागली. अंग फणफणलेलं. आम्ही माघारी फिरलो. मीनाक्षीने एकदाच वळून वर पाहिलं आणि म्हणाली, "परत येऊ."

मग अमेरिका. सुरुवातीला लाड झाले, तळ्याभोवती फेऱ्या झाल्या. पुढे घर, नोकऱ्या, सावनीचं कॉलेज, तिची लांब जॉर्जियातल्या अल्फारेटाची नोकरी यांत माझ्या टायरमधली हवा गेली ती गेलीच. पण एक सांगते, दर दसऱ्याला दोन्ही मोटारींबरोबर मीनाक्षी मलाही हळदकुंकू वाहायची, झेंडूची माळ घालायची. एरवी विसरलेल्या माणसांना सणाला तरी आपली आठवण यावी, एवढं मला पुरे होतं. कुरकुर करायची ती माझी चेन, मी नाही.

दोघं रिटायर झाली आणि प्रल्हादने मला धुऊनपुसून तेलपाणी केलं. आता परत जाऊ, असं बोलणं सुरू झालं. तेवढ्यात त्याचे डोळे बिघडले. आजूबाजूचं दिसे, पण बरोबर समोर, मधोमध एक धूसर डाग. माणसाकडे बघावं तर माणसाचं तोंडच नाही. डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद केलं. डाग हळूहळू पसरेल म्हणाले.

पुढच्या शनिवारी प्रल्हादने कुणाला न विचारता मला ड्राइव्हवेवर काढलं आणि 'फुकट न्या' अशी चिठ्ठी सीटला चिकटवली. खरं सांगते, माझ्या ब्रेकमधलं त्राण गेलं.

मीनाक्षी देवळातून आली. गाडीतून उतरायच्या आधीच तिने चिठ्ठी वाचली असावी, कारण उतरली ती तरातरा आली आणि चिठ्ठी फाडून टाकली.

"हिला कुठे पाठवताय?"

"मला पुढचं दिसत नाही, मीनाक्षी. कोण चालवणार?"

"मी," ती म्हणाली. मग स्वतःच दचकली. पण माघार घेतली नाही. "या लेकीला एकदा माहेरी नेऊन आणू. मग बघू कुणाला द्यायची ते."

सावनीला व्हिडिओ कॉलवर हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "आई, बाबांना नीट दिसत नाही, तुला सायकल बॅलन्स होत नाही, अँड यू वॉन्ट टू क्लाइंब अ हिल?"

"तुझ्या तापापायी राहिलाय तो चढ."

"वॉव! आई, आय वॉज फोर!"

शिकवणी शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये सुरू झाली. पुढे मीनाक्षी, मागे प्रल्हाद. माझा एक नियम आहे: पुढच्याने सारखं बोलायला हवं. खड्डा आला, गिअर बदलतेय, थांबतेय, सगळं आधी सांगायचं. नाहीतर मागचा पायडल मारतच राहतो आणि पुढच्याच्या ब्रेकला विचारत नाही.

आता मीनाक्षीची एक सवय. घरात कुठलीही गोष्ट सांगायची तर आधी म्हणायचं, "अहो, ऐकलंत का?" मग थांबायचं. प्रल्हादचं "हं" आलं की मग पुढचं बोलायचं. सगळा संसार असाच झालेला. आणि प्रल्हादचं "हं" म्हणजे सरकारी काम, सावकाश येणार. एका रविवारी आमच्याच गल्लीच्या उतारावर तिने म्हटलं, "अहो, ऐकलंत का?" आणि ती थांबली. मी काही थांबले नाही. "हं" आलं तेव्हा आम्ही शेजाऱ्यांच्या मेलबॉक्सला आलिंगन देऊन गवतात पडलो होतो.

"काय म्हणत होतीस?" प्रल्हादने गवतातूनच विचारलं.

"ब्रेक लावते म्हणत होते!"

दोघं इतकी हसली की शेजारीण घाबरून बाहेर आली. पण रात्रीच्या जेवणानंतर मीनाक्षी एकटीच गॅरेजमध्ये आली, माझ्या वाकड्या हँडलवर हात ठेवून उभी राहिली. "जमेल का गं मला?" असं तिने मला विचारलं. मला उत्तर देता आलं असतं, तर मी घंटा वाजवली असती.

जमलं ते बदकांमुळे. तळ्याकाठच्या वाटेवर कॅनडाची थोराड बदकं मधोमध सभा भरवून बसली होती. मीनाक्षीने "अहो" म्हटलं नाही की वाट पाहिली नाही. कडाडली, "थांबतेय! पाय थांबवा!" चारही पाय जागच्या जागी थांबले. बदकांनी आमच्याकडे रागाने पाहिलं आणि सावकाश उठून गेली. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "हं."

सप्टेंबरात मी दोन पेट्यांत बसून माहेरी गेले. सामानात मीनाक्षीने भाजणी, मेतकूट आणि छोटा कुकर भरला होता. "चढावर कुकर ओढायचा?" प्रल्हादने विचारलं. "खिचडी खाताना विचारा हं हे," ती म्हणाली. कुकर आला. माझ्याच कॅरिअरवर आला.

काय सांगू तुम्हाला! तीच सफरचंदं, तोच ओल्या गवताचा वास. माझा कारागीर आता नाही, त्याच्या शेडमध्ये कुणी मध विकतं. पण चढ जागेवर होता, आणि पहिल्याहून जास्त उभा झाला होता, की आम्हीच म्हातारी झालो होतो. "गिअर!" "डावीकडे वळतेय!" "दगड!" मीनाक्षीचा आवाज फुटेस्तोवर चालला होता. तो लाकडी बाक आला. प्रल्हाद म्हणाला, "बसू या का?" ती म्हणाली, "बसलो तर आपण उठणार नाही."

शेवटच्या वळणावर दोघं उतरली आणि मला ढकलत वर नेलं. त्याची लाज कशाला? माथा तो माथाच.

वर वारा होता. मीनाक्षी समोर बघत उभी राहिली. प्रल्हादने एक हात माझ्या सीटवर ठेवला आणि विचारलं, "काय दिसतंय गं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याने पहिल्यांदा विचारला. मला वाटलं, आता ही उट्टं काढणार. "रस्ता" म्हणणार. कोण सोडेल अशी संधी?

"आल्प्स नाही दिसत," ती म्हणाली. "ढग आहेत."

प्रल्हादची मान खाली गेली.

"पण खाली आपलं गाव दिसतंय. चर्चच्या कळसावर ऊन पडलंय, बाकी गाव सावलीत आहे. एक बाई चादरी वाळत घालतेय, वारा तिला घालू देत नाहीये. एक लाल ट्रॅक्टर चाललाय, मागे पोरं बसलीत. प्लमची झाडं आहेत, फांद्या पार वाकल्यात. आपण आलो तो रस्ता दिसतोय. बाप रे, केवढा वाकडातिकडा आहे हो! आणि तो बाक. इथून काडेपेटीएवढा दिसतोय."

ती थांबली. सवयीने "हं"ची वाट पाहिली.

"आणि?" प्रल्हाद म्हणाला.

मीनाक्षीने वळून त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. आणि मग ती जी बोलत सुटली, ती उतार संपेपर्यंत थांबली नाही.

आता आम्ही परत ईडन प्रेरीत आहोत. मला कुणाला द्यायचा विषय पुन्हा निघालेला नाही. प्रल्हादचा डाग थोडा वाढलाय. रोज सकाळी, बर्फ पडेपर्यंत, आम्ही तळ्याला फेरी मारतो. पुढे मीनाक्षी, मागे प्रल्हाद. ती सांगत असते: कुणाच्या अंगणातला मेपल लाल झाला, कुणी नवं कुत्रं आणलं, बदकं आज कुठे बसलीत. समोरून येणाऱ्यांना वाटतं ही बाई फोनवर बोलतेय. यंदाच्या दसऱ्याला माळ मीनाक्षीनेच आणली, पण ती मला प्रल्हादने घातली, हाताने चाचपडत, हँडल शोधून.

माझं आता काही मागणं नाही. हवा भरा, तेल द्या, एवढं तर कुठलीही सायकल मागेल. तुमच्यासाठी मात्र एक सांगून ठेवते. कधी मागच्या सीटवरून कुणी तुम्हाला विचारलं, पुढे काय दिसतंय, तर नुसतं "रस्ता" म्हणू नका.