दहा सेंटिमीटरचा आस

एकनाथने काळ्या नायलॉनची रिळं ओटीवर ठेवली, तेव्हा काशीबाई सुके बोंबील निवडत बसली होती.

"काकी, आमच्या कारखान्याला दिल्लीच्या एशियाडचं काम मिळालंय," तो म्हणाला. "व्हॉलीबॉलची जाळी, चाळीस. मी शेठला सांगितलं, विणणारे हात आमच्या मुरबे गावात हायत."

"मी नाय विणत."

"ही पाण्यात जायची नाय गो. दोन खांबांना बांधायची नि वरून चेंडू मारायचा."

शेजारची जमना हसली. "म्हणजे जाळ्यात काय गावायचंच नाय? मग लावतात कशाला मेले!"

काशीबाई हसली नाही. चार वर्षांपूर्वी तिचा मुलगा महादू नवशाच्या होडीवर होता. डोल, म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, पाण्यात सोडताना त्याचा पाय जाळ्यात अडकला आणि जाळ्याबरोबर तोही खाली गेला. ते जाळं काशीबाईनं विणलेलं होतं. नवशा तिचा धाकटा दीर, एकनाथचा बाप. त्यानं तिला कधी बोल लावला नाही, तिनंही त्याला लावला नाही. ती जेवायची, बाजारात टोपली घेऊन बसायची, विचारलं तर उत्तर द्यायची. सुई मात्र तिनं पुन्हा हातात धरली नव्हती.

"पाण्यात नाय ना?" तिनं विचारलं.

"नाय."

थोड्या वेळानं तिनं पुन्हा तेच विचारलं. एकनाथने पुन्हा तेच सांगितलं. मग तिनं एक रीळ जवळ ओढलं.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, हात रिकामे असतात. बारा घरांत जाळी विणली गेली. काशीबाईची तीन झाली. गाठ मारून दोरा ओढताना तिचं मनगट डावीकडे वळे, त्यामुळे तिच्या गाठी जराशा कलत्या पडत. बोटांना सगळं आठवत होतं. तिला मात्र काहीच वाटत नव्हतं, आणि तेच बरं होतं.

कारखान्यानं दिलेल्या कागदावर आस, म्हणजे जाळ्याचं एक भोक, दहा सेंटिमीटर लिहिला होता. एकनाथ पालघरच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेला. त्यानं प्रत्येक जाळं स्वतः पट्टी लावून तपासलं.

नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात तो कारखान्याच्या टेंपोतून चाळीसही जाळी घेऊन परत आला.

"भोकं निम्मी झाली," तो बापाला म्हणाला. "त्यांना चौकोनाची बाजू दहा पायजे होती. आपण आस ताणून मोजतो, या गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत. ताणला तर दहा, बाजू पाच. मीच मोजलं, बाबा. मला तरी कळायला पायजे होतं!"

"कोळ्याचा पोरगा दुसरं कसं मोजणार?" नवशा म्हणाला. "शेठ काय बोलला?"

"बोलला, न्या, तुमालाच होतील."

आणि होणारच होती. दोरा जाड, आस डोलीच्या तोंडाला नेमका. गावात बातमी फिरली, होडीवाल्यांनी वाटण्या केल्या. काशीबाईला कोणी विचारलं नाही. ती दुपारी बंदरावर गेली, तेव्हा नवशा आणि एकनाथ वाळूत बसून जाळी डोलीला जोडत होते.

"यात माझी हायत, भावजी."

"सगळी एकसारखीच, वयनी."

ती खाली बसली आणि जाळी हातावर ओढत गेली. कलत्या गाठी आल्या तिथं थांबली. पहिलं जाळं जोडलेलं होतं. दुसरं आणि तिसरंही त्याच्या होडीलाच आलं होतं.

"हे काढ."

"परवा होडी सोडायची हाय. इतका दोरा आता आणू कुठून? तोंड अपुरं ऱ्हाईल."

"काढ."

ती ओरडली नाही. नवशानं एकनाथकडे पाहिलं, एकनाथने समुद्राकडे. मग नवशानं कोयती घेतली आणि जोडाचे दोरे एकेक करून कापले. कुठं चुकून तिची गाठ कापली जाऊ नये म्हणून तो सावकाश कापत होता. तिन्ही जाळी मोकळी व्हायला बराच वेळ लागला. तितका वेळ ती सुटलेली टोकं धरून बसली.

"यांचं करशील काय?" त्यानं विचारलं.

"वाळत्या बोंबलांवर टाकीन. कावळे लय झालेत."

तिनं जाळी खांद्यावर घेतली. तोंड अपुरं राहिलेली डोल वाळूत पसरली होती. ती तिला वळसा घालून घराकडे निघाली.