अर्धा सूर वर

चिमट्यात धरलेलं चिकटपट्टीचं काळं टोक... तीळभर सुटलं होतं. बाकीची पट्टी अजून रेकॉर्ड प्लेअरच्या मोटरच्या चाकाला घट्ट धरून. घड्याळवाल्यांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं.

"तीन वेढे आहेत, ताई. चाक जाड झालं, म्हणून रेकॉर्ड जोरात फिरते. कुणाचं हे डोकं?"

"भावाचं. पट्टा घसरायचा."

बावीस वर्षांपूर्वी भावाने पाच मिनिटांत केलेला जुगाड. तो विसरूनही गेला — आता फरशा विकतो, भेटला की विचारतो, ते भंगार अजून ठेवलंयस? — आणि ती मात्र रोज ऑफिसातून आल्यावर, चपलाही न काढता, सॅक्सोफोनवाल्याच्या रेकॉर्डची तीच एक बाजू लावत राहिली. दिवसभर साहेबांची वाक्यं शॉर्टहँडमध्ये जशीच्या तशी उतरवायची, शब्द इकडचा तिकडे होता कामा नये. आणि घरी हा माणूस, हातातली चाल अर्ध्यावर सोडून भलतीकडेच पळत सुटणारा... अंगावर काटा यायचा.

गेल्या रविवारी त्यांच्या जॅझ ऐकणाऱ्या मंडळींची बैठक प्राध्यापकांकडे होती; घड्याळवालेही त्यातलेच. प्रत्येकाने एक रेकॉर्ड न्यायची, बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही. तिने हीच नेली. सुई टेकली आणि सॅक्सोफोन जड, झोपाळलेला, जेवून सुस्तावल्यासारखा... ती बोलून बसली, "तुमचं मशीन हळू चालतंय." प्राध्यापकांनी तिथल्या तिथे वेग मोजून दाखवला. तंतोतंत बरोबर. मग हसले. "म्हणजे ताई, ही रेकॉर्ड तुम्ही आजवर ऐकलीच नाहीत."

ऐकलीच नाहीत! मग आईच्या आजारपणात दवाखान्यातून परतून, दिवा न लावता, मी जे ऐकत बसायचे ते काय होतं? रडले ते खोटं? परीक्षेचा पेपर आहे का हा, चुकलं की गुण कापायला?

"काढू ना?" घड्याळवाले विचारत होते. "दोन मिनिटांचं काम. मग ऐका खरा सूर."

"राहू दे."

"अहो, अर्धा सूर वर वाजतंय!"

"वाजू दे. येत्या रविवारी तुमच्याकडच्या बैठकीला हेच मशीन घेऊन येणार आहे मी. बाजू संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा नियम प्राध्यापकांनाही आहे."

"ते ऐकून घेणार नाहीत."

"मग जातील उठून. बैठक तुमच्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही."

घड्याळवाल्यांनी मान हलवली आणि मशीन पुन्हा जोडलं. तिने सुई टेकवली. आता कळलं होतं म्हणून असेल, पण तो वेग तिला पहिल्यांदाच ऐकू आला — ड्रमवाला पाठीमागे कुणी लागल्यासारखा धावत होता, सॅक्सोफोन बारीक, जरा किरटासुद्धा. प्राध्यापक खरं बोलले होते. त्या माणसाने हे असं वाजवलंच नव्हतं. हात सुईकडे गेला आणि वाटेतच थांबला... नसेल वाजवलं त्याने. मी ऐकलंय. बावीस वर्षं ऐकलंय, आणि हे दुसऱ्या कुणाकडेही नाही.

प्राध्यापक काय म्हणतील ही भीती गेली नव्हती. पण रविवार लवकर यावा असं तिला वाटू लागलं.