दहाव्याला ठेवलेला ग्लास

मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता वापीच्या हॉस्पिटलातून फोन आला. माझी बायको मनोरमा पहाटेच गेली होती. मी तिचाच डबा भरत होतो. झाकण लावलं आणि खाली बसलो.

दहाव्याला चिखल्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली पिंड मांडले. शेजारी तिच्या आवडीचं ठेवायचं, म्हणून मी ग्लास ठेवला. दोन बोटं स्कॉच, एक चमचा पाणी.

तिचा धाकटा भाऊ प्रल्हाद कानाशी आला. "भाऊजी, लोक बघतायत. चहा ठेवा. ताईला चहा आवडायचा."

"चहाने तिला पित्त व्हायचं. चहा तुला आवडतो."

पुतण्या सुदर्शन हसला. "काका, ठेवायचीच तर कडक ठेवा ना. पाणी घालून वाट कशाला लावलीत?"

मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मनोरमा एकतीस वर्षं आशागडच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवायची. दर शनिवारी आम्ही दोघं एकेक पेग घ्यायचो. मी रेल्वेतला माणूस, एका घोटात संपवायचो. ती म्हणायची, "अहो, नुसती घेतलीत तर जीभ भाजते, बाकी काही कळत नाही. धुराच्या वासाचे कण अल्कोहोलला धरून आत बसतात. थोडं पाणी घाला, ते वर येतात. वास कळला की चव कळते. जास्त घातलंत तर सगळंच फिकं." मी घालून पाहिलं. त्याच बाटलीतून चुलीजवळ बसल्यासारखा वास आला.

"हे आज सांगायची गरज होती?" प्रल्हाद म्हणाला.

"लपवायची गरज नव्हती. तिने चोरून काही केलं नाही."

कावळे फांदीवर बसून होते. एकही उतरेना. तासाभराने भटजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. वचन द्या."

प्रल्हादने हात जोडले. "ताई, हा ग्लास उचलतो. ये आता." तो वाकला. मी त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नकोस. तो तिचा आहे."

भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. मी तोही करू दिला नाही. खोट्या कावळ्याने शिवून मला सुटका नको होती.

लोक एकेक करून निघून गेले. ऊन उतरेपर्यंत मी बसलो. ग्लास उचलला नाही.

मनोरमेच्या पिंडाला कावळा शिवायचा राहिला आहे.